बर्फावर पेरलेलं बी

खिडकीच्या फळीवर दह्याचे रिकामे डबे ओळीनं मांडले होते. इतर डब्यांतली रोपं बोटभर वाढून काचेकडे झुकली होती. चौथा आठवडा लागला तरी येफिमच्या फुलांच्या डब्यात मात्र नुसती काळी माती होती.

झिनाइदानं सगळं रीतसर केलं होतं. मातीवर बर्फाचा थर पसरून त्यावर बी भुरभुरलं होतं; बर्फ विरघळताना बी आपसूक मातीत ओढलं जातं. तिचा नवरा येफिम असंच करायचा. त्याच्या डेल्फिनियमच्या फुलांचे निळे तुरे पुरुषभर उंच व्हायचे, आणि तो गेल्यावरही दर उन्हाळ्यात त्याच मुळातून वर यायचे. गेल्या वसंतात ते मूळ कुजलं. आता उरलं होतं फक्त शेजारच्या कापितोलिनाकडचं, तेही झिनाइदानंच कधीकाळी तोडून दिलेलं.

"मुळाला फावडं नको लावू गं झीना, मरेल बिचारं," झिनाइदानं तुकडा मागितला तेव्हा कापितोलिना म्हणाली होती. "त्यापेक्षा बी ने." आणि तिनं वर्तमानपत्राची पुडी हातात ठेवली होती.

पुडीच्या तळाशी चार दाणे उरले होते. झिनाइदानं ते बशीत घेऊन चमच्यानं दाबले. कुरकुरीत फुटले. नाकाशी नेले, तर करपलेल्या पावाचा वास. पुडी चुलीजवळ राहिली असेल, तिनं मनाची समजूत घातली.

तेवढ्यात दार वाजलं. कापितोलिना होती, हातात टॉवेलमध्ये बांधलेला कोबीचं सारण भरून भाजलेला गरम पिरोग.

"चहा टाक आधी. नाक गळून पडायची वेळ आली. म्हणे मार्च! आणि काय गं, येफिमची बाळं काय म्हणतात?"

झिनाइदानं किटली चुलीवर ठेवली.

"उगवली की," ती म्हणाली. "एकूण एक."

"काहीतरीच! कशी उगवतील?"

कापितोलिना बोलून गेली. मग टॉवेलची गाठ सोडू लागली. ती गाठ काही सुटेना.

"का गं कापा? न उगवायला काय झालं?"

किटली उकळून झाकण थडथडू लागलं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"चाळीस वर्षं सगळी गल्ली तुझ्या कुंपणाशी थांबायची, झीना," कापितोलिना अखेर म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा माझ्या कुंपणाशी थांबली."

ती गेली. पिरोग टेबलावर तसाच राहिला, गाठीसकट.

झिनाइदा खिडकीशी आली. पलीकडे कापितोलिनाच्या अंगणात, पायवाटेच्या मधेच येणारा, फरच्या फांद्यांचा ढीग बर्फाखाली दबला होता. येफिमच्या मुळाला थंडी लागू नये म्हणून घातलेलं पांघरूण. ऑक्टोबरात कापितोलिनाची कंबर धरली होती, तेव्हा झिनाइदानंच गुडघ्यांवर बसून त्या फांद्या एकेक रचल्या होत्या.

घराकडे जाताना कापितोलिनानं त्या ढिगाला जपून वळसा घातला.