आपापल्या मर्जीचे

"शेअरचा भाव म्हणजे पाण्यात तरंगणारा परागकण," पीएचडीच्या तोंडी परीक्षेत वल्लरी ठणकावून सांगत होती, "आणि त्याला धक्के देणारे पाण्याचे रेणू म्हणजे आपण गुंतवणूकदार. एक इकडून ढकलतो, दुसरा तिकडून. म्हणून भाव सहसा एकदम कोसळत नाही."

"हे रेणू एकमेकांकडे बघतात का हो?" परगावाहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"छे सर! प्रत्येक जण आपापल्या मर्जीचा."

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकानं फोन बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "बाजार पडला वाटतं," शेजारीण पुटपुटली आणि तिनं घाईनं फोन उघडला. तिचं बघून पुढच्यानं, त्याचं बघून सगळ्या हॉलनं. वल्लरीच्या मार्गदर्शक मॅडम तर "विक, अरे, सगळं विक!" असं नवऱ्याला फोनवर ओरडत दाराबाहेर धावल्या.

"सगळे आपापल्या मर्जीचे, नाही का?" परीक्षक म्हणाले.

वल्लरीच्याही हातात फोन होता आणि भाव न बघताच तिच्या अंगठ्यानं सगळे शेअर विकून टाकले होते.

"अहो, कसला बाजार?" मागच्या बाकावरचा तो भांबावून उठला. "माझं उद्याचं तिकीट कन्फर्म झालं नाही!"