फाटकात एक

सहा महिन्यांच्या लेकीनं रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, आणि भरदुपारी तिला रेल्वे फाटकावरून बोलावणं आलं. रुळांमधल्या रबरी लाद्या तिनंच आखलेल्या. त्यांच्यावर गाड्यांचा खडखडाट होत नसे, पावलंही वाजत नसत. फाटक पडल्यावर आत कुणी राहिलं, तर लाद्यांना ते कळायचं आणि रेल्वेला सिग्नल मिळत नसे.

फाटकवाल्या काकांनी यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवलं. आत : एक.

“पाऊण तास गाडी खोळंबलीय, बाई. आत चिटपाखरू नाही, पण तुमचं यंत्र हटून बसलंय.”

“त्यालाही जागरण झालं असेल, काका.”

दांड्याखालून वाकून ती आत शिरली.

“आता किती?”

“दोन!”

तिनं एकेक लादी हातानं दाबून पाहिली. आकडा हलेना. शेवटी कंटाळून ती बाहेर आली. आता एक उरायला हवा होता.

“शून्य!” काकांनी टाळी वाजवली. “पायगुण म्हणतात तो हा!”

सिग्नल मिळाला, गाडी धडधडत गेली, फाटक वर उचललं गेलं. ती मात्र पडद्यासमोरून हलली नाही. आत ती एकटीच गेली होती. बाहेर दोघं आले होते.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

“निघालीस का गं? पोरगी रडून रडून दमलीय. सरळ घरी ये.”

फोन कानाला तसाच धरून ती घराच्या उलट्या दिशेनं चालू लागली.