खुंटीवरचं कार्ड

तळवड्यातल्या त्या छोट्या कंपनीत तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली एक खोली होती. दार लागलं की रेडिओची एकही लहर आत शिरत नसे, बाहेरही पडत नसे. दार उघडायचं ते बाहेरूनच. म्हणून आत जाणाऱ्यानं आपलं कार्ड बाहेरच्या खुंटीला अडकवायचं, असा शिरस्ता होता. कार्ड दिसलं की आत माणूस आहे, एवढं साधं.

सुजित कार्ड अडकवून आत गेला आणि त्याची मदतनीस मिनल हिनं बाहेरून दार लावलं. लॅपटॉपला लावलेला रेडिओ आणि निरोपांना वाट शोधून देणारं सॉफ्टवेअर, दोन्ही आज पहिल्यांदाच एकमेकांना जोडायची होती. प्रत्येक रेडिओ पडद्यावरच्या नकाशात ठिपका आणि नंबर होऊन दिसे. जोडताच तिथं एक ठिपका उमटला. त्याच्याच रेडिओचा.

मग त्याला चिकटून दुसरा उमटला. नंबरही तोच.

"आपलाच पडसाद असणार," असं पुटपुटत सुजितनं अँटेना उपटली.

त्याचा ठिपका विझला. दुसरा मात्र तसाच राहिला, आणि मुंगीच्या पावलानं दाराकडे सरकू लागला. कडी वाजली नाही, दार हललं नाही. ठिपका पलीकडे गेला.

सुजितनं भिंतीवरचा वायरचा फोन उचलला. "मिनल, दार उघड. लगेच!"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी सुजित!"

"उगाच चेष्टा नको हं. खुंटी रिकामी आहे. सुजित सर तर इथं माझ्यासमोर उभे आहेत, कार्ड गळ्यात घालून."

तिच्यामागून सुजितचाच आवाज आला, अगदी निवांत.

"ठेव फोन, मिनल. आतले दिवे बंद कर. आत कुणी नाहीये."