उकाभाईची मान

उकाभाईची मान ताज्या वस्तऱ्याने तासलेली दिसली, आणि ते केसूर न्हाव्याच्या गळ्याशी आलं.

"गावात न्हावी एकच," पारावर जमलेली माणसं म्हणाली. "मग ही हजामत केली कोणी?"

"मुखीकाका, वर्ष झालं, मी त्याच्या दाराकडे फिरकलोसुद्धा नाही," केसूर म्हणाला.

"स्वतःच केली असेल," परागजी मुखी म्हणाले.

इथे केसूरने गप्प बसायचं. पण नको तिथे तोंड उघडायची त्याची जुनी खोड. "गाल एकवेळ करील, काका. मानेवरची कड कुणाला स्वतःची काढता येते? हा दुसऱ्याच माणसाचा हात आहे."

झालं, घातला आपल्याच पायावर धोंडा. माणसं उसळली. याचंही पाणी आजच बंद करा म्हणाली. मुखी बराच वेळ पागोट्याचा पीळ चाचपत बसले.

"पुनवेच्या सभेपर्यंत थांबा," ते शेवटी म्हणाले. "तोवर तो हात शोध, केसूर. नाहीतर जो नियम उकाला, तोच तुला."

नियम साधा नव्हता. गावाने शेतसारा भरायचा नाही असं ठरवलं, तेव्हा सरकारने अकरा घरांच्या जमिनी लिलावात काढल्या. पंचक्रोशीतला एकही माणूस बोली लावायला आला नाही. सुरतेहून एक व्यापारी तेवढा आला, आणि त्याच्यावर बोली चढवली ती गावच्याच उकाभाईने. पोरं आफ्रिकेत, बायको देवाघरी, हातात पैसा. अकराही जमिनी त्याने मातीमोलाने घेतल्या. त्याच संध्याकाळी परागजींनी पारावर उभं राहून सांगितलं, उकाला विस्तव नाही, पाणी नाही, न्हावी नाही, मेला तर खांदा नाही. सरकारची मुखीपणाची, म्हणजे पाटीलकीची, नोकरी लाथाडलेला माणूस तो. त्याचा शब्द कोण मोडणार?

तेव्हापासून उकाभाई आपल्या विहिरीचं पाणी पिऊन एकटा राहत होता. घेतलेली जमीन ना पेरत होता, ना विकत होता.

"पाप पचत नाही मेल्याला," बायका म्हणायच्या.

केसूरची बायको जमनी मात्र नवऱ्यावर उखडली होती. "मानेचं कशाला बोललास? गावाने दाणे बंद केले तर चार पोरांना काय वस्तरा चाटवू?"

केसूर हूं म्हणाला, पण त्याच्या डोक्यात भुंगा वेगळाच. तो हात कसबी नव्हता. कड वाकडी होती, कानामागे दोनदा कापलं होतं. म्हणजे परगावचा न्हावी नव्हे. आणि येतो तरी कधी? उकाभाईच्या गल्लीत दिवसभर ओट्यांवर बायका, संध्याकाळी पुरुष, आणि कुत्री रात्रभर जागी.

गल्ली रिकामी व्हायची ती फक्त ढोल वाजला की. मुखींनी ढोल वाजवायला लावला, म्हणजे साऱ्यापायी गुरं-भांडी उचलणारे जप्तीवाले निघाले. मग सगळं गाव म्हशींसकट घरात शिरायचं, मुखी बाहेरून कुलपं घालायचे आणि किल्ल्या घेऊन शेतात निघून जायचे. बंद दारं बघून जप्तीवाले परतायचे. अंधारात कोंडून कोंडून म्हशींचा रंगसुद्धा विटला होता. हल्ली मात्र कधीकधी ढोल वाजायचा आणि कोणी यायचंच नाही.

"पाणी इथेच मुरतंय," केसूर जमनीला म्हणाला.

पुनवेच्या आदल्या दिवशी भर दुपारी ढोल वाजला. केसूरने जमनीला आणि पोरांना आत लोटलं आणि आपण उकाभाईच्या परसातल्या कडब्याच्या गंजीत शिरला. गावभर कुलपं लागली. जप्तीवाल्यांचा पत्ता नव्हता. थोड्या वेळाने परसाचं दार कोणीतरी हलकेच लोटलं, आणि मग आतून वस्तऱ्याची खरखर ऐकू आली. केसूर पुढे सरकला आणि त्याने दाराच्या फटीला डोळा लावला.

उकाभाई पाटावर मान खाली घालून बसला होता. त्याच्या मागे, धोतर खोचून, उकिडवे बसून मुखी त्याची मान तासत होते.

"कान सांभाळ रे, पराग."

"मग हलू नकोस."

"केसूरचं काय करणार?"

"उद्या सभेत सांगतो, मी केली म्हणून. गरिबाचं घर कशाला जाळू?"

"आणि का केलीस, हे नाही विचारणार कोणी? तूच मला लिलावात उभा केलास हे फुटलं, तर सरकार लिलाव मोडेल. सुरतेचा तो शेठ जमिनी घेऊन जाईल. अकरा घरांना जमिनी परत मिळाव्यात म्हणून वर्षभर शिव्या खाल्ल्या मी, त्या फुकट जातील. त्यापेक्षा माझी दाढी वाढू दे."

मुखींचा हात थांबला. "वर्षभर तुझ्याशी कोणी बोललं नाही, ते माझ्या शब्दापायी. एवढं तरी करू दे मला."

केसूर आला तसा मागे सरकला. घरी त्याने जमनीला काही सांगितलं नाही. काय दिसलं म्हणून तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "कडब्यात किडे चावले, दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात सभा भरली. मुखी उठले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"भाइयो, तो हात कुणाचा ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

बायकांच्या घोळक्यात जमनी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. केसूरने तिच्याकडे पाहिलं. घरात दाणे होते जेमतेम आठवड्याचे.

तो मुखींच्या आधी पुढे झाला.

"काका, तुम्ही बसा," तो म्हणाला. "खोटं बोललो मी. उकाभाईची हजामत वर्षभर मीच करतोय."