डेल्फीतली पसंती

"मला पुढचं सीट हवं, ड्रायव्हरच्या मागचं," सेवस्तीबाईंनी बसच्या पायरीवरूनच जाहीर केलं. "मागे बसलं की मळमळतं."

लाम्ब्रोसने निमूटपणे पिशव्या पुढे ठेवल्या. आज आईच्या कुठल्याच म्हणण्याला नाही म्हणायचं नाही, असं त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. ती दाढीही आईनेच करायला लावली होती. पांढरा शर्ट तिनेच इस्त्री करून ठेवला होता. देवाच्या दारी जायचं तर माणसासारखं जावं, म्हणाली. डेल्फीच्या पडक्या देवळातला तो देव कधीच मुक्काम हलवून गेलाय, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

"सुप्रभात मंडळी. मी आंथी, तुमची गाइड," माइक हातात घेतलेली मुलगी म्हणाली. तिची नजर लाम्ब्रोसवरून अशी सरकली, की जणू तो सीटचं कव्हर असावा. दोन वर्षांच्या प्रेमानंतर इतकं कोरडं बघणं त्याला काही जमलं नसतं.

बेत त्याचाच होता. याआधी त्याने घरी आणलेल्या दोन मुली आईने कॉफी संपायच्या आत मोडीत काढल्या होत्या. बाजारातलं वांगंसुद्धा तिला दुसऱ्याने निवडलेलं चालत नसे. म्हणून या वेळी मुलीला घरी न्यायचंच नाही, ती गाइड असलेल्या सहलीला आईलाच आणायचं. दिवसभर बघू दे, तिचं तिलाच सुचू दे. आंथीने मात्र बजावलं होतं, "हे शेवटचं. आता जमलं नाही, तर मी चोरून भेटायला यायची नाही." ती बोलल्याप्रमाणे वागणारी होती.

'दगडधोंडे बघायला पैसे कशाला' म्हणणारी आई या वेळी चटकन तयार झाली, एवढाच काय तो दिलासा.

नेहमीचा ड्रायव्हर रजेवर होता. बदलीवर आलेला माणूस साठीचा, भरघोस मिशांचा, शब्दाला महाग. आईने डबा उघडून तिळाची बिस्किटं आधी त्याच्यापुढे धरली.

वाटेत लिवादिया गावात बस थांबली. मंडळी कॉफीकडे धावली. आंथीशी डोळ्यांनी का होईना, दोन शब्द बोलावेत म्हणून लाम्ब्रोस निघाला, तर आईने हाक मारली. "त्यांना पाण्याची खोकी काढायला हात लाव. झिजणार नाहीस."

ड्रायव्हरने एक खोकं त्याच्या हातात दिलं. "काय करतोस?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. पिरेअसला."

"पितोस?"

"लग्नाकार्यात, काका. जमिनीवर पाय राहतील इतपत."

"स्वतःचं लग्न?"

"आईवर अडलंय."

"आणि मुलीकडचे?"

"वडील तिकडे कालामाता गावी असतात. भलतेच तिरसट आहेत म्हणे. ती पायरी नंतर चढू."

ड्रायव्हरला ठसका लागला. लाम्ब्रोसने त्याची पाठ थोपटली. परक्या माणसाशी बोलायला बरं वाटत होतं. "पण मुलगी सोन्यासारखी आहे, काका. तिच्यासाठी त्यांच्या शिव्याही खाईन."

"हेही धर," म्हणून काकांनी दुसरं खोकं त्याच्यावर चढवलं.

डेल्फीच्या चढावर आईने तोंड उघडलं ते मिटलंच नाही. माइक आहे तर ही ओरडते कशाला? एवढ्या वाऱ्यात केस बांधायला काय होतं? प्रत्येक वाक्याला लाम्ब्रोसचा जीव थोडा थोडा जात होता.

देवळाच्या खांबांपाशी आंथी थांबली. "लांबून लांबून माणसं इथे देवाचा कौल घ्यायला यायची. पेरणी करू का, परदेशी जाऊ का, लग्न करू का. देवाच्या वतीने एक बाई उत्तर द्यायची."

"म्हणजे तेव्हाही पोरं घरातली आई सोडून परक्या बाईलाच विचारायची," आई मोठ्याने म्हणाली. सगळे हसले.

"हो काकू," आंथी म्हणाली. "आणि उत्तर कळलं नाही की पुन्हा आईकडेच जायची."

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लाम्ब्रोसला वाटलं, संपलं सगळं.

त्यात एका आजोबांना धाप लागली. "जा, त्यांना खाली बसपर्यंत सोडून ये," आईने फर्मान सोडलं. त्याला हलायचं नव्हतं. पण आजोबांना एकट्याने पायरी उतरवेना. तो त्यांना धरून, दर वळणावर बसवत, खाली घेऊन गेला. ड्रायव्हर दारातच उभा होता. त्याने आजोबांना पाणी दिलं आणि लाम्ब्रोसकडे एकदा नीट पाहिलं. लाम्ब्रोस धापा टाकत वर आला तेव्हा आई आणि आंथी एका पाइनच्या सावलीत बसल्या होत्या. त्याला बघताच दोघी उठल्या. विचारायची सोय नव्हती.

परतीच्या वाटेवर आई डोळे मिटून बसली. अथेन्सचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाली, "लाम्ब्रोस, ती मुलगी."

"कोणती?" त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं.

"गाइड रे. फटकळ आहे, पण मनाची चांगली वाटली. अशी बायको केलीस तर माझी ना नाही."

त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. त्याने पुढे पाहिलं. आंथी खाली मान घालून माइकची वायर गुंडाळत होती आणि तिचे खांदे हलत होते. बिचारीने ऐकलं असणार. आनंदाने रडतेय, असं त्याला वाटलं.

बस रिकामी झाली. लाम्ब्रोस पिशव्या घेऊन फुटपाथवर उभा राहिला. आई काही उतरेना, म्हणून तो पुन्हा पायरी चढला. आंथी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि आई आवाजात कधी नव्हे ती अदब आणून त्याला विचारत होती, "मग व्याही, दिवसभर पाहिलंत. आमचा मुलगा पसंत आहे ना?"