वरच्या मजल्यावरचं वऱ्हाड

झांझिबारच्या लग्नात ज्या पक्षाच्या बायकांची किलकारी मोठी, तो वरचढ. म्हणून भाड्याने घेतलेल्या जुन्या हवेलीत शिरताच नवरीच्या आत्याने, मवानाखेरीने, जीभ नाचवत किलकारी ठोकली.

वरच्या मजल्यावरून तिच्याहून खणखणीत उत्तर आलं.

"नवऱ्याकडच्या आधीच येऊन बसल्यात! पोरींनो, हरायचं नाही गं!"

मग अशी चढाओढ लागली की बायका हसून हसून बेजार झाल्या. शेवटी वरचा आवाज थांबला.

"हरल्या!" आत्या ओरडली. "या आता खाली, पुलाव खायला!"

तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका दारात येऊन ठेपल्या.

"अगं, मग वर कोण?" आत्याने मालकिणीला विचारलं.

"वर? जिना कधीच काढून टाकलाय, बाई."

आणि हसत-खिदळत, पैंजण वाजवत, लाकडी पायऱ्यांवरून पावलं खाली येऊ लागली.