आतल्यांना सवड

नातीच्या अंगठ्याला उंदीर चावला, तेव्हापासून इमारतीच्या रखवालदाराने कचऱ्याच्या उघड्या पिंपांशी वैरच धरलं. घरोघरी हातापाया पडून त्याने घट्ट झाकणाचे, बाहेरून कडी लागणारे लोखंडी डबे आणवले. उष्टंखरकटं मिळेनासं झालं, तसे उंदीर गेले.

उंदीर पळावेत म्हणून पिंपावर ठोकायची त्याची जुनी सवय मात्र गेली नाही. डब्याच्या झाकणावरही तो आधी तीनदा ठोकायचा, आतल्याला पळायला जराशी सवड द्यायचा आणि मगच झाकण उघडायचा.

"अहो, कडी लावलेल्या डब्यातून कोण कुठून पळणार?" बायको हसायची.

आज दुपारी त्याने धुतलेल्या, रिकाम्या डब्यावर ठोकलं. आतून तीनदा ठोकल्याचा आवाज आला. घाईने झाकण उघडलं, तर डबा कोरडा ठणठणीत.

"कान वाजले असतील तुमचे," गच्चीवरच्या त्यांच्या खोलीत बायको म्हणाली. "हळू बोला, पोर आत्ताच झोपलीय."

तेवढ्यात छतावर तीनदा टकटक झाली. वर तर नुसतं आभाळ होतं.

मग सगळं शांत झालं. ती शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

त्याने झोपलेली पोर उचलली, बायकोचा हात धरला आणि दार ओढलं.

कडी बाहेरून लागलेली होती.